अठरा एसची बखर

इतिहास हा माझा विषय. एम.ए. त्यातच केले आणि पुढे शिकवलाही तोच. या विषयाने एक सवय अंगी लावली. जुना कागद हाती आला की तो काय सांगतो यापेक्षा तो टिकला कसा, हे आधी विचारायचे. कुणी लिहिला, कुणी त्याची नक्कल काढली, कुणाच्या पेटीत राहिला आणि कशासाठी जपला गेला? आमच्या सीमाभागात हा प्रश्न पुस्तकी नाही. जमिनीचा उतारा कानडीत, आजोबांच्या पेटीतले कागद मोडीत आणि पोरांची निम्मी पुस्तके इंग्रजीत, अशाच घरांतून आपण राहतो. खानापूर तालुक्यातल्या हलशीला प्राचीन कदंबांचे ताम्रपट सापडले. दीड हजार वर्षे ते राहिले, कारण ती दानपत्रे होती. कुणाचा तरी जमिनीवरचा हक्क त्यांच्यावर उभा होता. त्याच काळातली साधी पत्रे, हिशेब, निरोप केव्हाच मातीत गेले.

आज ज्या दस्तऐवजाची हकीगत सांगायची आहे, तो ताम्रपटाहून कितीतरी जुना आहे. तो कोणत्या दप्तरखान्यात नाही; तुमच्या-माझ्या अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्याच्या लक्षावधी प्रती आहेत. माणसात त्याची लांबी १,८६९ अक्षरे. नाव मात्र अगदी रुक्ष: अठरा एस रायबोसोमल आरएनए. इतिहासाच्या मास्तराने जीवशास्त्रात कशाला शिरावे, असे कुणी म्हणेल. पण ही गोष्ट मुळात एका साधनाची आहे. त्या साधनाची किंमत जाणकारांनी आधी भलतीच केली, मग अगदीच कमी केली, आणि शेवटी ते साधनच बोलू लागल्यावर सगळ्यांना मत बदलावे लागले. इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा ओळखीची गोष्ट कोणती?

पेशीतला छापखाना

वनस्पती, प्राणी आणि बुरशी यांच्या पेशींत स्पष्ट केंद्रक असते. शाळेच्या पुस्तकात त्यांना दृश्यकेंद्रकी पेशी म्हणतात. जीवाणूंच्या पेशीत असे वेगळे केंद्रक नसते. केंद्रकात डीएनएचे मूळ दप्तर असते. ते बाहेर नेण्याची परवानगी नाही. लागेल त्या जनुकाची नक्कल आरएनएच्या धाग्यावर काढून बाहेर पाठवायची, असा रिवाज. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. तिची लिपी चार अक्षरांची: ए, यू, जी आणि सी. तिच्यावरून प्रथिन बनवायचे असते, पण प्रथिनाची भाषा वेगळी. तिच्यात वीस अमिनो आम्ले. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल, असा करार आहे. हे भाषांतर ज्या कणावर होते तो रायबोसोम.

आपल्यापैकी ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. समोर हस्तलिखित, बाजूला खिळ्यांचे खण, आणि कंपॉझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवतो आहे. पेशीत अमिनो आम्लांचे खिळे वाहून आणण्याचे काम दुसरेच लहान आरएनए करतात. त्यांना वाहक आरएनए म्हणतात. रायबोसोमचे दोन भाग असतात. मोठा भाग आणलेली अमिनो आम्ले एकमेकांना जोडतो. लहान भाग मजकूर वाचतो आणि आलेला खिळा समोरच्या शब्दाचाच आहे ना, हे तपासतो. म्हणजे छापखान्यातला वाचक आणि मुद्रितशोधक दोन्ही तोच. दृश्यकेंद्रकी पेशीतल्या या लहान भागात ३३ प्रथिने असतात आणि आरएनएचा धागा एकच. तोच आपला अठरा एस.

या ‘एस’ अक्षराचाही खुलासा केला पाहिजे. स्वीडनचे थिओडोर स्वेडबर्ग यांनी अतिवेगाने फिरणारे अपकेंद्रण यंत्र तयार केले आणि १९२६ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या यंत्रात एखादा कण किती वेगाने तळाशी जातो त्यावरून त्याचे माप ठरते. त्या मापाला त्यांच्या नावाचे पहिले अक्षर मिळाले. आपला संपूर्ण रायबोसोम ८० एस, मोठा भाग ६० एस, लहान भाग ४० एस. साठ आणि चाळीस मिळून ऐंशी कसे, असे गणिताचा विद्यार्थी विचारील. तळाशी जाण्याचा वेग वजनाइतकाच आकारावरही ठरतो, म्हणून इथे साधी बेरीज चालत नाही. जीवाणूंचा रायबोसोम ७० एस, आणि त्याच्या लहान भागातला धागा १६ एस. आपल्या अठरा एसचा हा दूरचा चुलतभाऊ पुढे या गोष्टीत वारंवार भेटणार आहे.

राजा समजला, परांची ठरला

हे कण प्रथम नीट दाखवले जॉर्ज पॅलेड यांनी. मूळचे रुमानियाचे, काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. त्यांच्या आधी बेल्जियमचे अल्बेर क्लोद यांनी पेशी फोडून त्यातले बारीक अंश अपकेंद्रणाने वेगळे काढण्याची रीत बसवली होती. पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पेशीद्रवात दाट, गोलसर कण पाहिले आणि १९५५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘रायबोसोम’ हे नाव सुचवले रिचर्ड रॉबर्ट्स यांनी, १९५८ साली. १९७४चे नोबेल क्लोद, पॅलेड आणि क्रिस्तियाँ द दूव्ह यांना मिळून मिळाले.

कण प्रथिने बनवतो हे कळले, त्यात आरएनए भरपूर आहे हेही कळले. पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ऐंशी टक्के रायबोसोममध्येच असतो. मग स्वाभाविकच तर्क निघाला: प्रथिनाचा मजकूर याच आरएनएवर लिहिलेला असणार. फ्रान्सिस क्रिक यांच्या १९५८च्या प्रसिद्ध निबंधात हीच कल्पना आहे. प्रत्येक रायबोसोमच्या पोटात एक साचा आणि त्या साच्यातून एक ठरावीक प्रथिन. रायबोसोमल आरएनए हा त्या वेळी राजाच समजला जात होता.

पण पुरावा जुळेना. वेगवेगळ्या जीवाणूंच्या डीएनएमधल्या अक्षरांचे प्रमाण फार वेगवेगळे, तर रायबोसोमच्या आरएनएचे प्रमाण सगळीकडे जवळपास सारखेच. मजकूर खरोखर इथे असता तर असे झाले नसते. १९६१ साली सिडनी ब्रेनर, फ्रांस्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेलसन यांनी प्रयोगाने दाखवून दिले की जीवाणूत विषाणू शिरल्यावर विषाणूची नवी प्रथिने जीवाणूच्या जुन्याच रायबोसोमांवर तयार होतात. मजकूर घेऊन येतो तो वेगळा, अल्पजीवी संदेशवाहक आरएनए. रायबोसोम म्हणजे टेपरेकॉर्डर. जी फीत घालाल ते गाणे वाजेल.

यानंतर रायबोसोमल आरएनएची किंमत एकदम उतरली. मजकूर त्याच्यावर नाही, आणि पेशीतली अवघड रासायनिक कामे तर प्रथिनांची, ही तेव्हाची ठाम समजूत. मग हा लांबलचक धागा कशासाठी? तर प्रथिनांना नीट बसता यावे म्हणून. इमारत बांधताना बांबूंची परांची उभी करतात ना, तसा. राजाचा परांची व्हायला तीन वर्षे पुरली.

माझ्या मते या ठिकाणी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९६१चा प्रयोग बरोबरच होता. त्याने एवढेच सिद्ध केले होते की हा धागा मजकूर नाही. तो काहीच करत नाही, हे त्यात कुठेही सिद्ध झाले नव्हते. ते लोकांनी आपल्या पदरचे जोडले. एखाद्या कागदात राजाज्ञा नाही म्हणून तो रद्दीत घालणाऱ्या कारकुनासारखेच हे झाले.

फेरतपासणी

१९६८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासु नोमुरा आणि पीटर ट्राउब यांनी जीवाणूच्या रायबोसोमचा लहान भाग पूर्ण सुटा केला. सोळा एसचा धागा एकीकडे, प्रथिने दुसरीकडे. मग सगळे परत एकत्र मिसळून योग्य ऊब दिली, तर तो भाग आपोआप जुळला आणि काम करू लागला. सारी जुळणी त्या धाग्याभोवती होते, हे यातून दिसले. त्याच वर्षी क्रिक यांनी एक शक्यता बोलून दाखवली: अगदी आरंभीचा रायबोसोम कदाचित निव्वळ आरएनएचाच असेल. ज्यांच्या तर्काने गोष्ट सुरू झाली होती, त्यांनीच ही फट उघडी ठेवली.

१९७२ साली हॅरी नोलर आणि जोनाथन शेअर्स यांनी एक रसायन वापरून सोळा एसमधली मोजकी ‘जी’ अक्षरे बिघडवली. प्रथिनांना हात लावला नाही. तेवढ्यानेच लहान भागाला वाहक आरएनए पकडता येईना. परांचीचा एक बांबू हलवला आणि कारखानाच बंद पडला, तर ती परांची कशी म्हणायची? पण बहुतेकांना हे पटायला आणखी बराच काळ गेला.

१९७४ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला जॉन शाइन आणि लिन डालगार्नो यांनी सोळा एसच्या शेपटाकडची अक्षरे वाचली. तिथे एक छोटी ओळ सापडली. जीवाणूंच्या संदेशवाहक आरएनएत, जिथून वाचायला सुरुवात करायची त्याच्या किंचित आधी, नेमकी या ओळीला जुळणारी अक्षरे असतात. म्हणजे धागा आपल्या शेपटाने मजकुरातली ‘येथून वाचा’ ही खूण चाचपतो. दृश्यकेंद्रकी जीवांच्या अठरा एसची शेपटेही त्यांनी तपासली. ती आपापसांत सारखी होती, पण ती खुणेची ओळ मात्र तिथे नव्हती.

मग आपल्या पेशींना आरंभ कसा सापडतो? याचे उत्तर १९७८ साली मॅरिलिन कोझाक यांनी मांडले. आपला लहान भाग, मदतनीस प्रथिने आणि पहिला वाहक आरएनए यांना बरोबर घेऊन, संदेशाच्या टोपीवजा टोकाशी जातो आणि तिथून एकेक अक्षर चाचपत पुढे सरकतो. एयूजी हा शब्द योग्य संगतीत भेटला की थांबतो. मग मोठा भाग येऊन त्याच्यावर बसतो आणि जोडणी सुरू होते. तोपर्यंत मजकुरावर एकटा लहान भागच फिरत असतो.

जन्म केंद्रिकेत

आता या धाग्याच्या जन्माची हकीगत. केंद्रकाच्या आत एक गडद ठिपका दिसतो, त्याला केंद्रिका म्हणतात. ती अठराव्या शतकापासून माहीत होती. तिचे काम मात्र ठाऊक नव्हते. १९३४ साली बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रावरची, केंद्रिका जिथे तयार होते ती जागा दाखवली. १९६४ साली डोनाल्ड ब्राऊन आणि जॉन गर्डन यांनी आफ्रिकी बेडकाच्या एका सदोष वाणाचा अभ्यास केला. त्या वाणाच्या काही पिलांत केंद्रिकाच नव्हती, आणि त्या पिलांना अठरा एस व अठ्ठावीस एस हे आरएनए बनवताच येत नव्हते. अंड्यात आईने भरून दिलेल्या रायबोसोमांच्या शिदोरीवर ती काही दिवस वाढली, पोहू लागली आणि मेली. केंद्रिका म्हणजे रायबोसोमांचा कारखाना, हे त्या बेडकांनी शिकवले.

त्या कारखान्यात आधी सुमारे तेरा हजार अक्षरांचा एक लांब धागा निघतो. त्याला ठिकठिकाणी कापून अठरा एस आणि मोठ्या भागाचे दोन आरएनए सुटे होतात. कापण्याआधीच छोटे मार्गदर्शक आरएनए येऊन ठरावीक अक्षरांवर रासायनिक खुणा करून जातात. मग प्रथिने बसू लागतात. अठरा एसच्या शेपटाची शेवटची कापणी केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात होते. तोवर त्याला कामावर घेत नाहीत. ही कापाकापी बिघडली तर काय होते, तेही पुढे कळले. काही बाळांना जन्मानंतर लवकरच तीव्र पंडुरोग होतो; त्यांच्या मज्जेत तांबड्या पेशी पुरेशा बनत नाहीत. डायमंड-ब्लॅकफॅन या नावाचा हा आजार. १९९९ साली त्याच्या काही रुग्णांत लहान भागातल्या एका प्रथिनाचे जनुक सदोष आढळले. त्या प्रथिनावाचून अठरा एस नीट कापला जात नाही.

माणसात या धाग्याचे जनुक एकाच ठिकाणी नाही. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड बाजूंवर त्याच्या शेकडो प्रती ओळीने मांडलेल्या आहेत. २००३ साली मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा या जागा रिकाम्याच होत्या. एकासारखी एक पाने इतकी, की कोणते कुठले हे लावता येईना. ती २०२२ साली लागली. पेशी ज्या पानाची नक्कल सर्वांत जास्त काढते, ते पान माणसाने सर्वांत शेवटी लावले.

बडोद्याचा विद्यार्थी

धागा काम करतो हे कळले तरी तो दिसतो कसा हे पाहायचे होते. त्यासाठी रायबोसोमचे स्फटिक करून त्यांतून क्ष-किरण सोडावे लागतात. एवढ्या मोठ्या आणि लवचिक कणाचा स्फटिक होणे अशक्य, असे बहुतेक जण म्हणत. इस्रायलच्या अदा योनाथ यांनी १९८० साली पहिले स्फटिक मिळवले. ते मोठ्या भागाचे होते.

लहान भागाच्या गोष्टीत मात्र आपल्या ओळखीचे गाव येते. वेंकटरामन रामकृष्णन यांचा जन्म १९५२ साली तमिळनाडूत चिदंबरमला झाला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब बडोद्याला आले. आईवडील दोघेही शास्त्रज्ञ; वडील महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुख. मुलाने त्याच विद्यापीठातून १९७१ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली. अमेरिकेत भौतिकशास्त्रातच डॉक्टरेट मिळवली, आणि मग जीवशास्त्र मुळापासून शिकायला पुन्हा विद्यार्थी झाले. सयाजीरावांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या शहराच्या शिक्षणपरंपरेत हेही नाव आपण घेतले पाहिजे.

रामकृष्णन १९९९ साली केंब्रिजला गेले. २००० साली त्यांच्या गटाने उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूच्या लहान भागाचे सविस्तर चित्र प्रसिद्ध केले. योनाथ यांच्या गटाचेही त्याच जीवाणूचे चित्र त्याच वर्षी आले. २००९चे नोबेल योनाथ, रामकृष्णन आणि मोठ्या भागाचे काम करणारे थॉमस स्टाइट्झ या तिघांना मिळाले.

चित्रात काय दिसले? डोके, मान, धड आणि चोचीसारखा एक भाग. हा सारा आकार मुळात आरएनएचा. धागा स्वतःवरच दुमडून, ‘ए’समोर ‘यू’ आणि ‘जी’समोर ‘सी’ बसवत अनेक पीळ घेतो. प्रथिने बहुतेक बाहेरच्या अंगाला. मजकूर वाचण्याच्या नेमक्या जागी आहे तो धागाच. तिथे दोन ‘ए’ आणि एक ‘जी’ अशी तीन अक्षरे पहाऱ्यावर आहेत. संदेशातला शब्द आणि वाहक आरएनएचा शब्द जुळला, की ती दोन ‘ए’ अक्षरे आपल्या खोबणीतून बाहेर येऊन जुळणीवर बोट फिरवतात. मापे बरोबर असतील तरच पुढे जाण्याची परवानगी. आपल्या अठरा एसमध्येही नेमक्या याच जागी हीच तीन अक्षरे आहेत. परांची समजला गेलेला धागा प्रत्यक्षात मुद्रितशोधक निघाला.

दृश्यकेंद्रकी पेशीतल्या लहान भागाचे चित्र २०११ साली मिळाले. झुरिकला नेनाद बान यांच्या गटाने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा ४० एस भाग पाहिला, आणि स्ट्रासबुर्गला मराट युसुपोव्ह यांच्या गटाने यीस्टचा संपूर्ण रायबोसोम. माणसाचा रायबोसोम २०१५ साली बारकाईने पाहता आला. गाभा जीवाणूसारखाच. जीवाणूच्या सोळा एसमध्ये १,५४२ अक्षरे, आपल्यात तीनशेहून अधिक जादा. ती जादा अक्षरे बहुतांशी बाहेरच्या बाजूला, वाड्याला पुढे काढलेल्या पडवीसारखी. माजघराला कुणी हात लावलेला नाही.

सजीवांची वंशावळ

माजघर तसेच आणि पडवी प्रत्येक घराची निराळी. वंशावळ लावणाऱ्याला यापेक्षा चांगले साधन मिळणार नाही. हे ओळखले अमेरिकेत इलिनॉयच्या कार्ल वूझ यांनी. हा धागा प्रत्येक सजीवात आहे, सगळीकडे काम एकच, आणि तो फार सावकाश बदलतो. मग निरनिराळ्या जीवांचे धागे शेजारी ठेवून फरक मोजले, तर नाती कळतील. त्या काळी हे काम कष्टाचे होते. किरणोत्सारी फॉस्फरसवर जीव वाढवायचे, धागा काढायचा, त्याचे तुकडे करायचे, ते फिल्मवर उमटवायचे, आणि मागे उजेड ठेवून त्या ठिपक्यांवरून अक्षरे ओळखायची. वूझ यांनी यात वर्षांमागून वर्षे घालवली.

१९७७ साली वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांचा निबंध आला. त्यातल्या तक्त्यात जीवाणूंच्या सोळा एसबरोबर तीन अठरा एस होते: यीस्टचा, डबक्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या लेम्ना वनस्पतीचा आणि उंदराच्या पेशींचा. हे तिघे एकमेकांचे सख्खे निघाले. जीवाणू एकीकडे. आणि मिथेन वायू तयार करणारे काही सूक्ष्मजीव, जे दिसायला जीवाणूच, ते दोन्हींत बसेनात. सजीवांचे घराणे दोन शाखांचे नसून तीन शाखांचे आहे, हा त्याचा अर्थ. या तिसऱ्या शाखेला आता आर्किया म्हणतात. बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेली, पण अनेक मान्यवरांनी बरीच वर्षे ती मानली नाही. वूझ यांना २००३ साली क्राफोर्ड पुरस्कार मिळाला. नोबेल मिळाले नाही. २०१२ साली ते वारले.

पुढे अठरा एसने आणखी कितीतरी नाती उलगडली. १९९३ साली याच धाग्याच्या तुलनेतून दिसले की बुरशीचे कुळ वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचे. पावसाळ्यात रानातून आणलेली अळंबी आपण भाजी म्हणून चिरतो. वंशावळीत ती शेजारच्या दोडक्यापेक्षा चिरणाऱ्या माणसाच्या जवळची आहे.

एका अक्षराचा फरक

हे सारे पंडितांपुरते आहे असे समजू नये. जेंटामायसिन आणि कनामायसिन ही इंजेक्शने आपल्याकडच्या दवाखान्यांतून कितीदा दिली गेली आहेत. ती नेमकी त्या वाचण्याच्या जागी बसतात, पहारेकरी अक्षरांना नको तेव्हा बाहेर काढतात, आणि मग जीवाणूच्या छापखान्यातून चुकीच्या अक्षरांची प्रथिने निघू लागतात. मग आपल्याच रायबोसोमांना त्यांचा त्रास का होत नाही? सोळा एसमध्ये १४०८ क्रमांकाला ‘ए’ आहे. आपल्या अठरा एसमध्ये त्या जागी ‘जी’ आहे. मुख्यतः या एका अक्षरामुळे औषध आपल्याला सोडून जीवाणूला धरते.

पण आपल्या पेशीत तंतुकणिका असतात आणि त्यांचे रायबोसोम स्वतंत्र, जीवाणूंच्या वळणाचे. १९९३ साली एका अरब-इस्रायली कुटुंबाच्या आणि काही चिनी कुटुंबांच्या तपासणीत तंतुकणिकांच्या लहान रायबोसोमल आरएनएत १५५५ क्रमांकाला ‘ए’च्या जागी ‘जी’ आढळला. या बदलाने त्या धाग्याचे रूप जीवाणूच्या धाग्याच्या आणखी जवळ जाते, आणि साध्या मात्रेतले इंजेक्शनही कानाच्या पेशींना बाधते. बहिरेपण येते, आणि ते पुन्हा भरून येत नाही. तंतुकणिका आईकडूनच येतात, म्हणून हा वारसाही आईकडूनच. अशी घरे आपल्या देशातही आढळली आहेत. आईच्या माहेरी कुणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर ही गोष्ट घरात दडवून न ठेवता डॉक्टरांना आधी सांगावी. आपण देवकाची आणि गोत्राची वंशावळ सांगतो ती बापाच्या बाजूची. ही दुसरी वंशावळही ठाऊक हवी.

हिवतापाच्या परजीवीची तऱ्हा आणखी निराळी. डासाच्या अंगात असताना तो एक अठरा एस वापरतो आणि माणसाच्या रक्तात आल्यावर दुसरा. हे १९८७ साली दिसून आले. त्याच जनुकावरून रक्तातला परजीवी ओळखण्याची तपासणीही निघाली. आणि कोरोना आपण विसरलेलो नाही. २०२० साली म्युनिक आणि झुरिकच्या प्रयोगशाळांनी दाखवले की त्या विषाणूचे एक प्रथिन आपल्या ४० एस भागात, संदेश आत शिरण्याच्या वाटेवरच, बुचासारखे बसते आणि तिथे अठरा एसला धरून राहते. पेशीचे स्वतःचे मजकूर वाचणे थांबते, आणि संरक्षणाची प्रथिने वेळेवर तयार होत नाहीत. ज्याला गाव ताब्यात घ्यायचे आहे तो आधी तिथला छापखाना बंद करतो, हे इतिहासात आपण वाचलेले आहेच.

आता सुरुवातीचा प्रश्न: हा दस्तऐवज टिकला कसा? त्याला कुणी पेटीत जपले नाही. मोडीचे कागद आपण पेटीत जपले. कागद राहिले, पण शाळेतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे संपले. अठरा एसचे तसे झाले नाही, कारण तो क्षणभरही कामाबाहेर गेला नाही. त्याच्या माजघरातले अक्षर ज्या पेशीत बिघडले ती पेशी जगू शकली नाही; म्हणून जी जगली तिच्यात ते बरोबरच उतरले. पडवीत बदल चालले, तिथे प्रत्येक कुळाने आपापली भर घातली आणि कुणाचे काही बिघडले नाही. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बाजारात, कचेरीत शब्दांची देवघेव होते, भर पडते. त्याचे भय धरण्याचे कारण नाही. घरात रोजचे व्यवहार, हिशेब, भांडणे आणि नातवंडांच्या गोष्टी ज्या भाषेत चालतात ती तेवढी कामावर राहिली पाहिजे. जपून ठेवलेल्यापेक्षा राबणारे अधिक टिकते, एवढे तरी हा १,८६९ अक्षरांचा कागद निश्चित सांगतो.